सातूच्या डब्याचं झाकण

मी फारशी बोलणारी बाई नाही. वीसेक वर्षं पारनेर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवते. तिथं पोरांच्या आयांशी बोलावं लागतं तेवढं बोलते आणि घरी आले की कामाला लागते. हे लिहायला बसले तेव्हा पहिले चार दिवस मी आजाराचंच लिहीत राहिले. तपासण्या, तारखा, गोळ्यांची नावं. ते सगळं फाडलं. सांगायचं आहे ते एवढंच आहे: नवरा आजारी असताना त्याच्या वाटणीचं खाणं मी खाल्लं. चोरून खाल्लं, रोज खाल्लं, आणि पकडलं जायची वेळ आली तेव्हा दुसरीचं नाव पुढं केलं.

ह्यांना तंबाखूची सवय होती. गालात आतून एक जखम झाली, ती बरीच होईना. तपासली तर तोंडाचा कॅन्सर निघाला. गणपतीच्या सुमाराला नगरला ऑपरेशन झालं, जबड्याची एक बाजू काढली. घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती आणि पोटात जायचं ते सगळं त्या नळीतूनच जायचं होतं. त्यांचं बोललेलं कुणाला समजत नव्हतं. मी अंगणवाडीतली एक जुनी पाटी आणि खडूचे तुकडे त्यांच्या उशाशी ठेवले. काही हवं असलं की ते खडूने पाटीवर टकटक करायचे.

नळीतून पाजायचं म्हणजे मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ती नळीच्या तोंडाला लावून वर धरायची आणि तिच्यात ओतलेलं आपोआप खाली उतरू द्यायचं. घाई केली तर उलटी होते. दिवसातून आठ वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं मी हात वर धरून उभी असायचे. ते माझ्याकडे बघायचे नाहीत, सिरिंजकडे बघायचे. जेवणाची आवड असलेला माणूस. हुलग्याचे शेंगोळे शिजत असले की चुलीशेजारीच पाट ओढून बसायचा आणि झालं का, झालं का म्हणून विचारायचा. आता पोटात जात होतं, पण जिभेला त्याची खबर नव्हती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी माझ्यापुरत्या आमटीला लसणाची फोडणी दिली. आत येऊन बघते तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं आणि खांदे हलत होते. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, वासानं जीव तुटला. त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद. तळणं बंद, भाजणं बंद, माझ्या दोन भाकरी शेजारच्या मावशींच्या चुलीवर करून आणायचे. दुपारी, संध्याकाळी मीठ घालून उकडलेलं काहीतरी स्वयंपाकघरात उभ्यानंच खायचे. ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायचं नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. गावात याचं कौतुक झालं. ‘नवऱ्यासाठी बाईनं जिभेवर दगड ठेवला,’ असं बायका म्हणायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सातूचं पीठ आलं ते नणंदेकडून. ही ह्यांची धाकटी बहीण, पाथर्डी तालुक्यात दिलेली. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर नवरा-बायको ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागेपर्यंत तिकडंच. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं होतं की घरचं सातू चालेल; दिवसातून चार वेळा, दर वेळी तीन मोठे चमचे दुधात कालवून, गाळून द्या. मधल्या चार वेळा डाळीचं पाणी, फळांचा रस. आमच्या घरात भाजायचं नाही म्हटल्यावर नणंद म्हणाली, ‘म्या देते ना करून. दादाला वास बी न्हाई यायचा.’ तिनं तिच्या घरी गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजली, गिरणीतून दळून आणली, धोतराच्या फडक्यातून गाळली आणि टोळी निघायच्या आदल्या दिवशी एसटीनं येऊन दोन मोठे डबे ठेवून गेली. जाताना म्हणाली, ‘संक्रांतीपतुर पुरंल, वैनी. कमी पडलं तर निरोप धाडा, कोपीवर भाजून देते.’ कोपी म्हणजे फडाजवळ पाचटाची झोपडी बांधतात ती.

माझं खाणं चव बघण्यापासून सुरू झालं. पाजायच्या आधी गुठळी राहिली का, फार गरम आहे का, ते मी जिभेवर बघायचे. मग चमचा धुवायच्या आधी चाटायला लागले. मग एक चमचा कोरडाच. मग वाटीत गुळाचा खडा फोडून त्यावर दोन मुठी पीठ. ती भूक नव्हती. भाकरी खाऊन पाणी प्याल्यावरही हात जायचा. त्यांना जोराचा खोकला आला की नळी निसटली का म्हणून मी धावत जायचे, सगळं जागेवर आहे असं बघायचे, परत यायचे आणि डबा उघडायचे. दवाखान्यातून फोन आला की डबा. चाकणला कंपनीत असलेल्या मुलाचा फोन ठेवला की डबा. कोरडं सातू तोंडात भरलं की टाळूला चिकटतं, लवकर उतरत नाही. ते उतरेपर्यंत डोक्यात काही येत नाही. तेवढ्या वेळासाठी मी खात होते, हे आता कळतं. तेव्हा फक्त झाकण उघडल्यावर बरं वाटायचं आणि लावताना लाज वाटायची. लाज वाटली की पुन्हा उघडायचे.

एकदा पाटीवर टकटक झाली तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. ‘आले’ म्हणता येईना. टकटक वाढली. घाईनं गिळायला गेले आणि ठसका लागला. पदरानं डोळे-तोंड पुसत आत गेले तर त्यांची उशी घसरली होती आणि मान वाकडी करून कसेबसे बसले होते. मी उशी सारखी केली. ते माझ्या पदराकडे बघत होते. पदराला पीठ लागलं होतं.

‘दुधात कालवत होते,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

सकाळी मी अंगणवाडीत असले की शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसायच्या. तोंडाच्या फटकळ, पण मनानं चांगल्या. एक दिवस मला दारातच वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, ‘का गं, पाजतीस त्याला आन् अंगी लागतंय तुझ्या? नळीचं दुसरं टोक तुझ्याकडं हाय का काय?’

त्या हसल्या. मीही हसले. मग आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत दोन चमचे खाल्ले.

अंगणवाडीतल्या खिचडीचा मात्र मी कधी एक दाणा उचलला नाही. त्या दिवसांत मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे. पोरांचं खात नाही ना, मग झालं.

दिवाळीनंतर महिनाभरातच पहिला डबा संपला आणि दुसरा निम्म्यावर आला. संक्रांत अजून लांब होती. नणंदेला निरोप धाडावा तर ती विचारणार, एवढ्यात कसं संपलं? शेजारी भाजायला घ्यावं तर मावशी विचारणार. घरात भाजावं तर ह्यांना वास जाणार. काहीही केलं तरी मला काहीतरी सांगावं लागणार होतं. मी न सांगता करण्यासारखं होतं ते केलं. तीन चमच्यांचे दोन केले. आठवड्यानं दीड. दूध तेवढंच, सिरिंज तेवढीच भरलेली दिसायची.

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझं कामच ते आहे. आयांना वर्षानुवर्षं सांगत आले, पातळ करून पाजू नका, पोर गप्प बसतं पण वाळतं. पोरांच्या दंडाला फीत लावून रंग दाखवत आले, हिरवा, पिवळा, लाल. ह्यांचं अंग मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत होते. दंड पुसताना माझी बोटं पलीकडून एकमेकांना टेकायला लागली होती. फीत लावायची गरज नव्हती.

मार्गशीर्षात, ऑपरेशननंतर सुरू झालेल्या केमोच्या पुढच्या डोससाठी आम्ही नगरला गेलो. मुलगा रजा काढून आला होता. काट्यावर उभं केल्यावर नर्सनं आकडा दोनदा बघितला. साडेतीन किलो उतरले होते. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर डोस देता येणार नाही, तीन आठवडे थांबू, वजन वाढवून आणा. आम्हाला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं.

‘सातू किती चमचे घालता?’

‘तीन.’

‘चारही वेळा?’

‘हो.’

‘मग असं कसं होईल?’ त्यांनी कागदावर काहीतरी गुणलं. ‘पीठ कोण करतं तुमच्याकडे?’

‘नणंद करून देतात. ऊसतोडीला जातात त्या. घाईत केलं होतं, डाळ कमी पडली असेल.’

हे मी म्हणाले. डाळीचं कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या तोंडून ते इतकं सरळ आलं की मला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते, एका हातानं नाकाची नळी धरून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मुलानं फाटकापाशीच आत्याला फोन लावला. मी त्याला थांबवू शकले असते. ‘आत्या, पिठात डाळ कमी पडली म्हणतात गं. पप्पांचा डोस पुढं गेला.’ एवढंच तो बोलला, रागानं नाही. घरी आल्यावर ह्यांनी पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘तिला काही म्हणू नको.’ मला वाटलं, बहिणीला पाठीशी घालताहेत. म्हणजे माझं खोटं त्यांना पटलं, असं वाटून मला एकदम हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

‘वैनी, म्या डाळ मोजून घातली व्हती. चार मापटी गव्हाला दोन मापटी डाळ. चांगलं आठवतंय.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आता घाईत इसरले आसन. मुकादम आदल्या दिशी सारखा फोन करीत हुता. कुनाला ठाऊक. माझंच चुकलं आसन, वैनी. दादाला सांगा, म्या येते.’

ती चार दिवसांनी आली, श्रीगोंद्याकडच्या फडावरून दोन एसट्या बदलून. तोडीला जोडीतलं एक माणूस नसलं की दुसऱ्याचं काम निम्म्यावर येतं, तरी आली. डोक्यावर गव्हाचं आणि डाळीचं गाठोडं. उसाच्या पात्यांनी हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरलेले. भावाजवळ बसली, त्याच्या पायावरून हात फिरवला, ‘लई वाळलास रं दादा,’ म्हणाली, आणि लगेच उठली. अंगणात वाऱ्याच्या खालच्या बाजूला तीन दगड मांडले, म्हणजे वास घरात जाणार नाही. मग मला हाक मारली.

‘वैनी, हिकडं या. तुमी मोजा. माझा आता मला भरवसा न्हाई.’

मापटं तिनं माझ्या हातात दिलं. मी गहू मोजले, चार. डाळ मोजली, दोन. ती शेजारी उकिडवी बसून प्रत्येक मापट्याला बोट दुमडत होती, शाळेतल्या पोरीसारखी. मग कढई ठेवून तिनं डाळ भाजायला घेतली. डाळीचा रंग बदलायला लागला तसा वास सुटला. आणि वारा फिरला.

दारात आवाज झाला म्हणून मी मागं बघितलं. ते बाहेर आले होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात नळीचं टोक. सावकाश येऊन चुलीपासून दोन हातांवर खाली बसले आणि मोकळ्या नाकपुडीनं वास घेतला. डोळे मिटून, पुन्हा पुन्हा.

नणंद हसली. ‘आलं का बेनं वासानं. ल्हानपनी बी असंच. आई भाजायला बसली की ह्यो खेळ टाकून हजर.’

त्यांनी हात पुढं केला. तिनं उलथन्यावर चार दाणे घेऊन, फुंकून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते नाकाशी धरले, बराच वेळ. मग तोच हात माझ्यापुढं केला. खा, अशी खूण केली. 

मी त्या दाण्यांकडे बघत राहिले. घरातली फोडणी मी त्यांच्यासाठी बंद केली होती, आणि हा माणूस वासासाठी भिंत धरून बाहेर आला होता. एकदाही विचारलं नव्हतं मी.

‘वन्सं,’ मी म्हणाले, ‘डाळ बरोबर होती.’

‘कवाची?’

‘मागची. तुमचं काही चुकलं नाही. पीठ मी खाल्लं.’

‘खाल्लं म्हंजी?’

‘ह्यांचं पीठ. रोज खात होते. मग पुरावं म्हणून ह्यांना पातळ दिलं.’

तिचा हात थांबला नाही. डाळ खालवर करायची थांबली असती तर डाळ करपली असती. तिनं ती भाजून काढली, परातीत ओतली, कढई उतरवली आणि मग पदराला हात पुसले.

‘समदं?’

‘निम्म्याच्या वर.’

‘भूक लागत हुती तर सांगायचं. म्या आजून दिलं आसतं.’ गव्हाचं गाठोडं सोडत म्हणाली, ‘चार दिस डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. उसात पेंग येऊन कोयता पायावर येतो का काय, असं झालं. माझ्या हातानं दादा उपाशी राह्यला म्हनून.’

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं गहू कढईत ओतले. त्या आवाजात ते राहून गेलं आणि पुन्हा मागणं झालं नाही.

दुपारी तिनं गिरणीतून पीठ आणलं, गाळलं, दोन डबे भरले. निघताना एकाच्या कडीला लाल चिंधी बांधली. ‘ह्यो दादाचा,’ म्हणाली. दुसऱ्यावर बोट ठेवलं. ‘ह्यो तुमचा.’ हसली नाही, रागावलीही नाही. मी एसटीपर्यंत येते म्हटलं तर म्हणाली, ‘नगं. दादाजवळ बसा.’

ती गेल्यावर मी ह्यांच्याजवळ बसले. त्यांनी पाटी घेतली.

‘झाकण वाजायचं,’ त्यांनी लिहिलं.

मला आधी कळलं नाही. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. ‘चार वेळा वाजायला हवं. दहा-बारा वेळा वाजायचं.’

‘मग बोलला का नाहीत?’ मी विचारलं. मग ते बोलू शकत नाहीत हे आठवून म्हणाले, ‘लिहिलं का नाही?’

या वेळी पाटी दोन्ही बाजूंनी भरली. ‘तू जेवायला बसलेली दिसायचीच नाहीस. म्हटलं, काहीतरी तरी खाते.’

पातळ करते हे त्यांना ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही. नळीतून जाणाऱ्याची चव लागत नाही. पण सिरिंजकडे ते रोज बघत होते. ‘तिला काही म्हणू नको’ याचा अर्थ तेव्हा मला लागला. मी त्यांना विचारलं, ‘पहिल्यांदा फोडणी दिली तेव्हा रडलात का?’ त्यांनी खडू हातात धरून ठेवला, आणि मग काही न लिहिता खाली ठेवला. जरा वेळानं उचलून एवढंच लिहिलं: ‘दे फोडणी.’

याला आता वर्ष होत आलं. डोस तीन आठवड्यांनी मिळाला, पुढचेही झाले. नळी अजून आहे. मागच्या महिन्यात मानेत एक बारीक गाठ लागली आहे, तिची तपासणी चालू आहे. मी डॉक्टरांना विचारलं, ते तीन आठवडे गेले म्हणून हे झालं का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही, वजन कमी असेल तर थांबावंच लागतं. वजन का कमी झालं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

दोन्ही डबे मी त्यांच्या खाटेच्या उशाशी हलवले आहेत. ताट घेऊन मी त्यांच्यासमोर बसते, फोडणीच्या आमटीचं. सुरुवातीला घास उतरत नव्हता, आता उतरतो. त्यांच्या पिठाला मी हात लावत नाही. माझ्या डब्यातलं सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी, असं ठरवलं आहे. गाठ सापडली त्या दिवशी सात वेळा उघडला. ते जागे होते.

नणंद यंदाही टोळीबरोबर गेली आणि जायच्या आधी दोन डबे देऊन गेली, एकाला चिंधी बांधून. पूर्वी ती फोन करायची तेव्हा आधी भावाचं विचारायची आणि मग ‘तुमी जेवला का, वैनी?’ म्हणायची. वर्षभर ते विचारणं बंद होतं. दादा बरा हाय का, एवढं विचारून ठेवून द्यायची. मागच्या रविवारी फोन आला. गाठीचं सांगितलं. मग तिनं विचारलं, ‘डबा सपला का?’

‘निम्म्याच्या वर आहे. चारही वेळा तीन चमचे घालते.’

‘दादाचा न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमचा.’

‘संपत आलाय,’ मी म्हणाले.

‘बरं,’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला.